चवथीनंतर अनिकेतला

माशेल, फोंडा

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला पोचल्याचं नेहाकडून कळलं. स्वतः का कळवलं नाहीस हे विचारत नाही. गणपतीच्या माटोळीखाली सगळे जेवायला बसलेले असताना पपांनी तुझ्या बंद पडलेल्या वर्कशॉपचा विषय काढायला नको होता, हे मी त्यांना तुझी बस सुटायच्या आधीच ऐकवलं. आणि तू पान सोडून उठायला नको होतंस, हे तुला आता सांगते. संपलं. भांडण परत काढायला हे पत्र नाही. मला एकच विचारायचं आहे, तेही साधं: रात्री झोपतोस का?

चवथीच्या दिवसांत वरच्या खोलीतला दिवा पहाटेपर्यंत जळत होता. शारदाआतेने विचारलं, वर कोण जागं आहे? मी म्हटलं, त्याचं कामाचं काहीतरी असतं. काम कसलं, ते तिलाही माहीत आणि मलाही. ती पुढे काही बोलली नाही, नुसती जिन्याकडे बघत राहिली. बाबूकाकांच्या वेळी त्याच खोलीत तोच दिवा... जाऊ दे.

तुला आईचा उपदेश नको आहे. म्हणून मी आरोग्य केंद्रात असताना टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला जे सांगायचे तेच लिहिते. त्यात माया कमी आणि पद्धत जास्त असते, तुला ते बरं पडेल.

शांतूमामा तुला सांगून गेलेच असतील की जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. त्यावर विश्वास ठेवू नकोस. वर्कशॉप बंद पडलं हे वाईटच झालं आणि ते तसंच म्हणायचं. दृष्टी बदलायची म्हणजे वाईटाला गोड नाव द्यायचं असा समज आहे, त्यानेच माणसं जास्त खचतात, कारण गोड नाव मनाला पटत नाही आणि मग न पटल्याचीही लाज वाटते. करायचं एवढंच, की घडलेलं किती आणि त्यावर आपण रचलेलं किती हे वेगळं काढायचं. मशीन बँकेने नेलं, हे घडलं. 'मी घर बुडवलं' हे तू रचलंस. दोन्ही एकाच आवाजात डोक्यात बोलतात म्हणून एकच वाटतात.

नेहाला म्हणालास म्हणे, मी अजून रागाच्या टप्प्यात आहे. दुःखाचे ते पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडले, तेही मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. पुढे लोकांनी ते सगळ्याच दुःखांना लावले आणि जिना चढल्यासारखा एकेक टप्पा मोजू लागले. दुःख तसं चालत नाही. १९९९ साली नेदरलँड्समधल्या स्ट्रोब आणि शुट या दोघांनी जे मांडलं ते मला जास्त खरं वाटतं. जोडीदार गेलेल्या माणसांबद्दल होतं ते, पण धंदा गेल्यावरही लागू पडतं. माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो: थोडा वेळ गेलेल्याचं दुःख, थोडा वेळ पुढची व्यवस्था. निरोगीपणा त्या ये-जा करण्यात आहे. सकाळी शेडचं सामान मोजलंस आणि संध्याकाळी रडलास, तर काही बिघडलं नाही. बिघडतं ते एकाच बाजूला अडकलं की. दिवसभर हसतमुखाने कामाला जुंपून घेणारा आणि दिवसभर पलंगावर पडून राहणारा, दोघेही अडकलेलेच. तू सध्या दिवसा एक आणि रात्री दुसरा आहेस असं मला वाटतं.

आता झोप. हे आधी, कारण झोप नसलेल्या डोक्याने दृष्टिकोन वगैरे काही बदलत नाही. उठायची वेळ पक्की कर, झोपायची नको. साडेसहा म्हणजे साडेसहा, रविवारीही, पहाटे चारला डोळा लागला असला तरी. झोप आल्याशिवाय पलंगावर जायचं नाही. पडल्यावर साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. ही वीस मिनिटं अंदाजाने धरायची. घड्याळ तोंड भिंतीकडे करून ठेव आणि मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव. पलंगावर जेवण नको, हिशेब नको, बँकेचे मेल नकोत. पलंग आणि जागरण यांची मेंदूत जी गाठ बसली आहे ती याने सुटते. दुपारची झोप फार तर अर्धा तास, तीही तीनच्या आत. दुपारच्या जेवणानंतर चहा-कॉफी बंद.

आणि संध्याकाळची बीअर. मी नाक मुरडत नाही, गोव्यात जन्म गेला आहे माझा. पण दारूने डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्री अंगातून उतरली की तीच जागं करते. ती तीन-साडेतीनची जाग बहुधा तिथूनच येते. महिनाभर बंद ठेवून बघ. मात्र रोजची सवय असेल, आणि थांबवल्यावर हात थरथरायला, घाम सुटायला लागला, तर एकदम बंद न करता डॉक्टरला विचारून कमी कर. रोजची आहे का रे?

या सगळ्यात काय चुकतं तेही सांगते. पहिल्या आठवड्यात झोप आणखी कमी होते. उठायची वेळ न हलवल्यामुळे झोपेचं कर्ज साचतं, आणि तेच तर हवं असतं, पण लोक चौथ्या-पाचव्या दिवशी हरतात आणि सकाळी दहापर्यंत लोळतात. मग सगळं पहिल्यापासून. दोन-तीन आठवडे दे.

दुसरी गोष्ट वही. 'मन ताळ्यावर आलं की कामाला लागेन' असं तू मला ओसरीवर म्हणालास. उलट आहे. हातपाय आधी हलतात, मन मागून येतं, आणि ते आलं की मगच तीच गोष्ट वेगळी दिसायला लागते. ही माझी समजूत नाही. आपल्याच गोव्यात २०१३ ते २०१५ या काळात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये याची रीतसर चाचणी झाली, पर्वरीच्या संगाथ संस्थेची. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेली ४९५ माणसं होती. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्यासोबत सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्धा-पाऊण तासाच्या. भेटणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आलेले, दुसऱ्या गटात ३९ टक्के. त्या भेटींचा गाभा एवढाच होता: माणसाने काय करणं सोडून दिलंय ते शोधायचं आणि थोडं थोडं परत सुरू करायचं.

तू असं कर. एक आठवडा काहीही न बदलता दर तासाला काय केलंस ते एका ओळीत लिही. शेजारी दोन आकडे, शून्य ते दहा. पहिला, बरं किती वाटलं. दुसरा, काहीतरी जमलं असं किती वाटलं. 'नऊ ते दहा: पलंगावर मोबाइल, बरं २, जमलं ०.' 'दहा ते अकरा: गिरणीतून पीठ आणलं, बरं १, जमलं ४.' हे दोन आकडे वेगळे ठेवायचं कारण असं की तुझ्यासारख्या माणसाचा पहिला आकडा बरेच दिवस हलतच नाही, दुसरा आधी हलतो. एकच आकडा ठेवलास तर काही फरक नाही म्हणून वही फेकून देशील.

दुसऱ्या आठवड्यात त्यातून तीन गोष्टी निवड. एक टाळत आलेली, एक आवडीची, एक माणसांतली. टाळलेली गोष्ट इतकी बारीक चिरायची की हसू यावं. 'शेड रिकामं करणं' हे काम होत नाही, ते ओझं आहे. 'मंगळवारी अकरा वाजता शेडवर जाऊन व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि ड्रिल यांची यादी करणं, पाऊण तासात निघणं' हे काम. गुरुवारी फोटो. पुढच्या सोमवारी जुन्या मशिनरीवाल्याला एकच फोन. वार, वेळ, जागा लिहिलेली नसेल तर ते होत नाही. आणि पाऊण तास झाला की खरंच निघायचं, जोर आला म्हणून चार तास राबायचं नाही. दुसऱ्या दिवशी अंग उचलत नाही आणि मग 'बघा, मला जमतच नाही' हा पुरावा तूच तयार करतोस.

आवडीची गोष्ट लोक गाळतात. संकटात मजा कसली, म्हणून. मग यादीत सगळी कर्तव्यं उरतात आणि आठवडाभरात जीव उबतो. तुझा तबला तिथे खोक्यात आहे ना अजून? वीस मिनिटं, नुसता ठेका. माणसांतली गोष्ट म्हणजे मंदारकडे जाऊन चहा. त्याला धंद्याचं काही सांगायचं नसेल तर सांगू नकोस, चहा पी आणि ये. एखादा दिवस चुकला तर पान फाडायचं नाही, 'चुकला' असं लिहून पुढची ओळ घ्यायची.

बघ, भाषणच झालं. क्षमा कर. केंद्रात निदान समोरचा माणूस मान तरी हलवायचा, इथे तू पान उलटतोस की नाही तेही दिसत नाही.

खाजनाची, खाडीकाठच्या त्या बांध घातलेल्या शेताची, तुला आठवण आहे का? कुंभारजुव्याच्या बाजूच्या मानशीवर, बांधातल्या पाण्याच्या दरवाजावर, पपा तुला न्यायचे. भरती चढली की लाकडी दारं आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात, हे तुला पटतच नव्हतं. रात्री दार लावायला कोण येतं, असं विचारून तू त्यांना हैराण केलं होतंस. मग बिस्किटाच्या डब्याला बिजागरी ठोकून मागच्या व्हाळात तसलंच दार बसवलंस आणि ते चाललं. पाणी त्याच्या मागे तुंबून आजीच्या अळूच्या वाफ्यात शिरलं ती गोष्ट वेगळी. पपा आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगतात. तुझ्यासमोर सांगत नाहीत, हा त्यांचा स्वभाव.

सांगायचं हे, की खाजनाचा बांध फुटतो तेव्हा जाणते लोक त्याच दिवशी माती घेऊन धावत नाहीत. उधाणाच्या भरतीत टाकलेली माती वाहून जाते. भांगाच्या दिवसांत, पाण्याची चढ-उतार कमी असते तेव्हा, भगदाड बुजवतात. मग पावसाने शेतातलं मीठ धुवून निघायची वाट बघतात आणि खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगुट भात पेरतात. तुझंही उधाण चालू आहे. तेव्हा फ्लॅट विकायचा, पुणं सोडायचं, कायमची नोकरीच धरायची, प्राजक्ताला नाही सांगायचं, यातला एकही निर्णय रात्री घ्यायचा नाही. जीव किती तगमगतोय त्याला शून्य ते दहा आकडा दे. सातच्या वर असेल तर निर्णय लिहून ठेव आणि तीन दिवसांनी दिवसाउजेडी वाच. मोडलेलं परत जोडता येईल असे निर्णय आज घ्यायला हरकत नाही. जे परत फिरवता येत नाहीत ते थांबू शकतात. सगळे थांबू शकतात, अनिकेत.

आता डोक्यातल्या वाक्यांबद्दल. त्यासाठी दिवसातून एकदा, संध्याकाळी पाच-साडेपाचला, अर्धा तास ठरव. पलंगावर नाही, टेबलाशी. रात्री विचार आला तर एका चिठ्ठीवर दोन शब्द लिहून 'उद्या पाचला' असं स्वतःला सांगायचं. पहिले काही दिवस मन ऐकत नाही. पाचला खरंच बसतोस असं कळलं की ऐकायला लागतं. म्हणून पाचची बैठक चुकवायची नाही, त्या वेळी काही सुचत नसलं तरी.

बसलास की कागदावर रकाने पाड. काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं, ते किती टक्के खरं वाटतं, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा, दुसरं वाक्य, ते किती टक्के पटतं. इथे तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला, लोक वाक्याऐवजी प्रश्न लिहितात. 'माझं काय होणार?' याला पुरावा शोधता येत नाही. त्याचं मनातलं उत्तर लिही, 'मला परत कोणी जॉबवर्क देणार नाही', मग तपासता येतं. दुसरा, पुरावा म्हणून भावना लिहितात. 'मला तसं वाटतं' हा पुरावा होत नाही. कोर्टात उभा राहील तेवढाच लिहायचा. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी फोन उचलला नाही, हा बाजूचा पुरावा, तो प्रामाणिकपणे लिही. तिसऱ्याने परवा ड्रॉइंग तपासायला पाठवलं, हा विरुद्धचा. नेहाने सांगितलं मला. तिसरा घोळ सगळ्यात मोठा: दुसरं वाक्य साखरेत घोळून लिहितात. 'सगळं छान होईल' हे तुला वीस टक्केही पटणार नाही, म्हणजे ते निरुपयोगी. 'शेड बंद आहे, हातातली कला बंद नाही, आणि निदान एक माणूस अजून माझं मत विचारतो' हे सत्तर टक्के पटत असेल तर तेच ठेव. मग मूळ वाक्याकडे परत जा. नव्वदचे साठ झाले तर खूप झालं. शून्य करायला कोणी सांगितलेलं नाही.

स्वतःला 'तू' किंवा नावाने लिहून बघ: 'अनिकेतला आज अमुक वाटलं.' वेडेपणा वाटेल. पण बाहेरून बघितलं की त्याच घटनेकडे माणूस जरा सबुरीने बघतो, हे प्रयोगांतही दिसलं आहे. आणि 'असं का झालं' हा प्रश्न तिसऱ्यांदा आला की तो 'आता यातलं काय, कसं करू' असा फिरवायचा. 'का' ने माणूस त्याच वर्तुळात फिरत राहतो.

एक हिशेब मात्र मांडच. पानावर मोठा गोल काढ आणि वर्कशॉप बंद पडायला कारणीभूत सगळ्या गोष्टींची यादी कर. स्वतःचं नाव शेवटी. हा क्रम महत्त्वाचा आहे, आधी स्वतःला लिहिलंस तर तूच शंभर टक्के घेऊन बसशील. मोठ्या गिऱ्हाइकाने काम थांबवलं. बिलं महिनोन् महिने अडकली. मे २०२२ च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ झाला, आणि तुझं कर्ज फ्लोटिंगवर, म्हणजे त्या दरासोबत व्याज वाढणारं, होतं. भागीदार मध्येच निघाला. प्रत्येकाला टक्के दे, गोलात तुकडे पाड, आणि मग उरेल तो तुझा. एकाच गिऱ्हाइकावर भिस्त ठेवली, दुसरं मशीन घाईने घेतलं, ते त्या तुकड्यात लिही. तो तुकडा शून्याचा नसणार, आणि शून्याचा असावा असं मी म्हणत नाही. त्यातूनच पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं. पण तू सध्या सगळा गोल उशाशी घेऊन झोपतोस. झोपतोस का, ते परत विचारणार नव्हते.

इथून पुढचं पपांचं. पाठकोऱ्या कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, तुझ्या अक्षरात लिही. बँकेत जन्म काढलेला माणूस, दुसरं काय देणार.

अडकलेली बिलं: २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे तुझ्यासारख्या लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, करारात नव्वद लिहिलं असलं तरी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ, व्याज लागतं. तुझी उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) आधीपासून आहे, म्हणून अशा अडकलेल्या पैशांसाठी सरकारचं जे पोर्टल आहे त्यावर तक्रार टाक. परचेस ऑर्डर, बिलं आणि माल पोचल्याची सही असलेली चलनं क्रमाने लाव. चलन नसलं की प्रकरण तिथेच लटकतं.

बँक: मशीन कितीला विकलं आणि खात्यात किती जमा झालं ते लेखी माग. फ्लॅटवर साठ दिवसांची नोटीस आली असेल तर तिच्यावरची तारीख बघ. त्या मुदतीत लेखी हरकत दिलीस तर बँकेला १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. तोंडी बोलणं कागदावर येत नाही. तडजोड केलीस तर खात्यावर 'सेटल्ड' असा शेरा येतो, 'क्लोज्ड' नव्हे, आणि पुढच्या कर्जाला तो आडवा येतो. तरी कधी कधी तोच रस्ता बरा असतो. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. करत असतील तर वेळ टिपून बँकेकडे लेखी तक्रार कर.

खाली त्यांनी लिहिलं होतं, 'भाटाच्या जमिनीच्या कागदांची काळजी त्याने करू नये, ते माझ्याकडे आहेत.' मग ते खोडलं. खोडलेलंही मी उतरवून देते आहे.

आता मी ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

केंद्रात आमच्याकडे नऊ प्रश्नांचा एक कागद असतो. गेल्या दोन आठवड्यांत काय काय झालं ते विचारतात: कशात रस वाटत नाही का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थता, आणि नववा. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त सत्तावीस. दहा किंवा वर आले तर कोणाला तरी दाखवायचं. पंधरा किंवा वर आले तर उद्यावर ढकलायचं नाही. पुण्यात ससूनमध्ये मनोविकार विभाग आहे. इकडे आलास तर बांबोळीचं सरकारी इस्पितळ आहे, मी सोबत येईन किंवा बाहेर बसेन, तू म्हणशील तसं. गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर काही होत नाही म्हणून सोडायच्या नाहीत आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंदही करायच्या नाहीत. वर लिहिलेली वही आणि रकाने हे हलक्या दुखण्याला पुरतात. जड दुखण्याला ते उपचाराच्या सोबतीने करायचे, उपचाराऐवजी नाही. हे मी आधीच लिहायला हवं होतं, म्हणून आता ठळक लिहिते.

नववा प्रश्न मी कितीतरी अनोळखी माणसांना सरळ डोळ्यांत बघून विचारला आहे. तो विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे नव्या नर्सना मीच शिकवायचे. तुला चवथीत चार वेळा विचारायला जिन्याशी आले आणि 'जेवलास का' विचारून परत गेले. म्हणून आता लिहून विचारते.

गेल्या दोन आठवड्यांत, आपण मेलेलं बरं किंवा स्वतःला काही इजा करावी, असे विचार तुला आले का?

शून्य म्हणजे अजिबात नाही. एक म्हणजे काही दिवस. दोन म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस. तीन म्हणजे जवळजवळ रोज. मला मेसेजमध्ये नुसता आकडा पाठव. कारण नको, खुलासा नको, आणि मला बरं वाटावं म्हणून खोटा शून्य नको. शून्याशिवाय काहीही असेल तर त्या रात्री एकटा राहू नकोस, मंदारला बोलाव किंवा त्याच्याकडे जा. टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मला कितीही वाजता उठव. मी रागावणार नाही, रडणारही नाही, निदान फोनवर नाही. पपांना सांगायचं की नाही ते तू ठरव. सकाळच्या पहिल्या बसने मी येईन आणि तिथे स्वयंपाक करेन, प्रश्न विचारणार नाही.

आकडा आज पाठव. पत्र वाचून बाजूला ठेवशील तर उद्या होईल.

तुझी,
आई

ता. क. नेवऱ्या मनोजच्या हाती पाठवते आहे, तो शनिवारी पुण्याला निघतो. डबा परत दे, शारदाआतेचा आहे, तिने दोनदा विचारलं.